सात नंबरचा खुंट

मंडळी, भुताखेतांच्या गोष्टी मला सांगू नका. मी जन्मभर तलावातला गाळ मोजलाय. सळई खुपसायची, फूट वाचायचे, वहीत लिहायचे. भूत असतं तर कधीतरी सळईला लागलं असतं! तरी हे एक सांगतोच...

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. चाकूरजवळच्या एका तलावात आमचे बारा लोखंडी खुंट रोवलेले होते. दर उन्हाळ्यात प्रत्येक खुंटापाशी सळई खालच्या मुरमाला टेकेपर्यंत दाबायची – गाळ किती साचला ते कळतं. त्या साली पाणी संपलेलं, नुसता रेंदा. सात नंबरला जायचं तर कमरेएवढ्या चिखलातून! मी काठावर बसून चहा प्यालो आणि दिलं ठोकून – दीड फूट. आदल्या साली तिथं नऊ फूट होता, तेही बघितलं नाही. आळस, दुसरं काय.

पंधरा दिवसांत नव्या ऑफिसचा हुकूम आला – गाळ सातलाच कमी, पिण्याच्या पाण्यासाठी झिरा तिथंच खणा. गाव दोन कोसांवरून पाणी आणत होतं. खणायच्या आदल्या संध्याकाळी एकटा चिखलात उतरलो, खुंटाला लागून सळई दाबली. नऊ फूट... सरळ आत!

सकाळी बाया कुदळी-टोपल्या घेऊन हजर. त्यांची मुकादम काशीबाई. तिला बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. "मावशी, आकडा खोटा हाय. मी गेलोच न्हाई तिथं. उगं मेहनत वाया जाईल."

तिनं पदर खोचला. "सायेब, घरी घागरी पालथ्या हायत. तुमच्या कागदाबिगर आमच्यापाशी हाय काय? खणा गं!"

घटकाभरात कुदळ खण्णकन वाजली. मुरूम! टेप लावला – दीड फूट. बोटभर इकडं नाही, तिकडं नाही. दुपारी मुरूम फुटला आणि पाणी झिरपायला लागलं. बाया रडत होत्या, हसत होत्या. मी वेड्यासारखा खड्ड्याच्या चारी अंगांनी सळई दाबत सुटलो... नऊ, नऊ, नऊ, नऊ.

जागा चुकली म्हणाल, तर खुंटावरचा सात मीच रंगवलेला. आणि आदल्या संध्याकाळचं माझ्या सळईचं भोक खणायच्या जागेच्या मधोमध होतं, या डोळ्यांनी बघितलं. मोठमोठ्या इंजिनियरांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही, मलाही येत नाही.

काशीबाईनं पहिला तांब्या माझ्यापुढं धरला. "प्या, सायेब. पर फिरून असं काठावर बसून लिव्हू नका. दर टायमाला कोन सांभाळंल?"

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी एकही खुंट चुकवला नाही.