भारतच्या गॅरेजातलं माझं काम

नाशकात अंबड लिंक रोडला भारतचं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे आणि त्याच्या दारात रिक्षाची एक जुनी सीट टाकलेली आहे. निवृत्त झाल्यापासून मी त्या सीटवर बसतो. घरात माझ्या बोलण्याला गिऱ्हाईक उरलेलं नाही. सून टीव्हीचा आवाज वाढवते आणि बायको तर मी तोंड उघडायच्या आधीच 'माहितीये' म्हणते. भारत मात्र मान हलवतो. कॉम्प्रेसरच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नाही ही गोष्ट वेगळी.

भारत मखमलाबादच्या फुलवाल्यांतला. भाऊ अजून शेवंती लावतात, हा रंगाकडे वळला, पण हात हार ओवणाऱ्याचेच राहिले. दुसरे पेंटर आरसे, हँडल, पट्ट्या यांवर टेप चिकटवून फवारा मारतात. हा आधी सगळं काढणार. टेपेशेजारी रंगाची कड दिसली की याला जेवण जात नाही, असं त्याची बायको साधना सांगते. या सोवळ्यापायी टेम्पोवालेसुद्धा कंटाळून दुसरीकडे जातात.

अशात एक दिवस स्पोर्ट्स कार आली. पिवळी, दोन सीटची आणि इतकी बुटकी, की मी सवयीने कोपर टेकायला गेलो आणि आडवाच व्हायचा राहिलो. मालक स्वराज, गंगापूर रोडला राहणारा तरुण. त्याला ती लाल करून हवी होती.

"एक जरी क्लिप तुटली तर गाडी तशीच उचलून नेईन," तो म्हणाला. "पार्ट परदेशातून येतात."

टेम्पो रंगवण्यात आयुष्य गेलेल्या भारतला अशी गाडी एकदा हाताखालून जावी एवढंच हवं होतं. पण कोणी डोक्यावर उभं राहिलं की त्याच्या हाताला कंप सुटतो, आणि स्वराज तर त्याच्या मानेवर श्वास सोडत होता.

भारत माझ्याजवळ आला. "आबा, याला तिकडे बसवा. बोलत राहा."

"किती वेळ?"

"रोज 'आता पुरे' म्हणतो ना, आज नाही म्हणणार."

उभ्या नोकरीत मला इतकं आवडीचं काम कोणी दिलं नव्हतं. मी पंचवटीपासून सुरुवात केली. कोणाचं लग्न कशावरून मोडलं, कोणाचे केस स्वतःचे नाहीत, सगळं काढलं. तिकडे भारत साधनाच्या हेअर ड्रायरने गाडीवर चिकटवलेली नावाची अक्षरं गरम करत होता आणि हाराचा दोरा मागून करवतीसारखा चालवून एकेक सोडवत होता. सुटलेला माल द्राक्षाच्या क्रेटमध्ये, कागदात गुंडाळून.

नाशिक संपल्यावर मी सटाण्याला गेलो.

"तिथे एक कांद्याचा व्यापारी आहे. पोराला अशीच बुटकी गाडी घेऊन दिली. मळ्यातल्या वाटेवर पोट घासतं म्हणून ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून डांबरापर्यंत नेली. पोरगं आत गॉगल लावून बसलेलं. बाया विचारतात, हा कोणता माल मार्केटला चालला?"

हे सांगताना मी उठून, डुलत डुलत, ते पोरगं करून दाखवलं. स्वराज हसला नाही.

"तो मना बाप शे," तो म्हणाला.

इतका वेळ शहरी बोलणारा गडी रागात थेट सटाण्याच्या अहिराणीत पोचला, आणि ट्रॉलीतलं पोरगं माझ्या समोर बसलंय हे मला कळलं.

"चावी द्या. नाही द्यायचा इथे रंग."

भारत दाराच्या शेवटच्या पट्टीवर होता, तो तसाच गोठला. माझ्या जिभेने त्याची गाडी घालवली होती. स्वराज ताडताड गेला आणि दाराशी हात नेऊन थांबला. हँडलच्या जागी भोक होतं. आरसे नव्हते, पुढचा बंपर सतरंजीवर पहुडलेला.

"हे उघडायचं कसं?"

"आता बाहेरून नाही उघडत," भारत खाली बघत म्हणाला.

स्वराजने क्रेटमधले तुकडे उचलून एकेक क्लिप तपासली. सगळ्या शाबूत होत्या. तो परत आला आणि माझ्याच सीटवर बसला.

"ट्रॉली एकदाच," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "नंतर वडलांनी वाटेवर मुरूम टाकला. तेपण सांगत जा."

"सांगेन."

"आणि आमच्यापेक्षा माझ्या मामाचं ऐका. तो काय करतो..."

मामा फारच रंगतदार निघाला. तेवढ्यात टक असा आवाज आला आणि आम्ही वळलो. भारतने ती लांबलचक पट्टी दोन्ही हातांवर धरली होती आणि सगळ्या क्लिपा जागच्या जागी होत्या.

"मग, लाल कोणता?" त्याने विचारलं.