रूटासाठी केलेलं गार सूप

काल ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमच्या दुकानात शेपूची जुडी हातात घेतली आणि त्या वासाने मला थेट हेन्डरसन उपनगरातल्या हॉलमध्ये नेऊन बसवलं, २००४ च्या डिसेंबरात.

आम्ही तिघी मैत्रिणी त्या दिवशी न्यूझीलंडचं नागरिकत्व घेणार होतो. मी पुण्याची, ओक्साना युक्रेनची, रूटा लिथुआनियाची. जुना पासपोर्ट सोडायचा तर तिघींनी एकदमच, असं ठरलं होतं. त्या सुमारास निवडणुकीतल्या घोटाळ्याविरुद्ध कीवच्या चौकात माणसं थंडीत उभी होती आणि लिथुआनियाचे राष्ट्राध्यक्ष मध्यस्थी करायला तिथे गेले होते. ओक्साना हरखून गेली होती. रूटाच्या ताकातल्या गार बीटसुपाला एरवी नाक मुरडणारी ही बाई, त्या दिवशी तेच सूप वर शेपू घालून बरणीभर घेऊन आली होती.

रूटाची खुर्ची रिकामीच राहिली. फोन केला तर तिचा नवरा म्हणाला, "ती काल लंडनला गेली. आमचा देश आता युरोपियन युनियनमध्ये आहे, हा पासपोर्ट कोण सोडणार?"

शपथ आम्ही दोघींनीच घेतली. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, शहाणी निघाली. आज बातम्यांत युक्रेन आणि लिथुआनियाचे झेंडे शेजारी दिसले, की मला आठवते हॉलच्या पायरीवर बसून ते गुलाबी सूप दोन कपांत ओतणारी ओक्साना.

"तिचा देश कीवपर्यंत धावत आला गं," ती म्हणाली होती, "आणि हिला हेन्डरसनपर्यंत येववलं नाही."