चमकू द्या

मी एसटीत कंडक्टर आहे. हिंगोली ते आखाडा बाळापूर, ही माझी नेहमीची फेरी. पुढे आलेले दात घेऊन मी तेहतीस वर्षं काढली. त्यातली आठ गाडीत, दिवसभर लोकांसमोर उभं राहून. मागच्या सीटवरून कुणीतरी हळूच काही बोलायचं, बाकीचे हसायचे. मी ओठ मिटून पुढचं तिकीट काढायची. एक दिवस ठरवलं, बास झालं, आता दातांना तार लावायची.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई हळदीचं बेणं निवडत बसल्या होत्या.

"आता काहून? दुसरं लगीन करायचं हाय का?"

"न्हाई आत्याबाई. पहिल्याच लग्नात हसायचं राहून गेलं."

नवरा गालातल्या गालात हसला, पण अट त्यानंही घातलीच. "लाव, पण दिसणार न्हाई अशी लाव. गावात उगं चर्चा नको."

हिंगोलीच्या डॉक्टरबाईंनी मग दातांच्याच रंगाचे ब्रॅकेट दाखवले. ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवायचा बारीक तुकडा. त्याला मधोमध खाच असते आणि त्या खाचेतून तार जाते. पांढऱ्या ब्रॅकेटमध्ये तार जरा अडखळते, असं त्या तेव्हाच म्हणाल्या होत्या. मी ऐकून सोडून दिलं. खरं सांगायचं तर मलाही लपवायचंच होतं.

वरचे दोन दात काढले, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. सुळे तारेवरून मागे सरकून ती जागा भरणार होते. महिने गेले. डावा सुळा सरकत राहिला. उजवा जागचा हलेना. मी भाकरी दुधात कुस्करून खात होते, गालाला आतून जखमा होत होत्या, आणि दर महिन्याला डॉक्टरबाई मोजून म्हणायच्या, "अजून तेवढंच आहे."

शेवटी मी चिडले. "मॅडम, जोर वाढवा. मी सोसते."

"जोर वाढवला तर सुळा राहील तिथंच आणि मागची दाढ पुढं येईल, ताई." त्यांनी मला खुर्चीतून उठवून टेबलाशी बसवलं. "दात सरळ घसरत नाही. आधी थोडा कलतो. कलला की खाचेची कड तारेत रुतते आणि सगळं थांबतं. तो पुन्हा उभा झाला, की मग जरासा सरकतो."

त्यांनी एक पांढरा आणि एक स्टीलचा ब्रॅकेट माझ्यापुढे ठेवला. तारेचा तुकडा मी स्वतः ओढून पाहिला. पांढऱ्यातून तो खरखरत आला, स्टीलमधून अलगद सुटला.

"मग स्टीलचा लावला तर सरकेल?"

"खात्री देत नाही. पण अडथळा कमी होईल. त्या एका सुळ्याचा बदलू. बाकीचे पांढरेच राहू द्या."

दुसऱ्यांच्या नजरेला त्रास नको म्हणून मी माझाच दात अडवून बसले होते. स्वतःचाच राग आला.

"सगळे बदला."

"ताई, लांबून चमकतील."

"चमकू द्या."

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "लोकं काय म्हणतील?"

"लोकं आधीबी म्हणतच व्हते, आत्याबाई. तवा तुमी त्यांना गप केलं न्हाई. आता मला काहून गप करता?"

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही मनवायला गेले नाही. नवऱ्यानं मात्र नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "मी उगंच अट घातली."

त्याच आठवड्यात कळमनुरीला गाडी खच्चून भरली. दारात उभा असलेला एक जण मोठ्यानं म्हणाला, "बाई, तोंडाला तारेचं कुंपण काहून घातलं?"

गाडी हसली. मी त्याच्यासमोर जाऊन दात दाखवले. "बघून घ्या नीट. दात मागं सरकवून राहिले. तुमी बी मागं सरका, दारात लई गर्दी झाली."

आता गाडी त्याला हसली. तो निमूट मागे गेला. खिडकीशी बसलेल्या एका म्हातारीनं माझा हात धरून विचारलं, "माय, माझ्या नातीचेबी असेच हायेत. दुखतंय का लई?"

"दुखतंय," मी म्हणाले. "पण हिंगोलीला डॉक्टरबाईंकडं आणा तिला."

उजव्या सुळ्यानं पुढचे सहा महिने घेतले, कधी सरकत, कधी रुसून बसत. पण फट भरली. वरच्या दातांची मधली रेघ अजून किंचित डावीकडे आहे, त्यासाठी तार आणखी काही महिने राहणार आहे.

सासूबाई अजून शेजारणीला सांगतात, "सून ऐकत न्हाई कुणाचं."

बराबर आहे त्यांचं. ऐकत नाही.