आवाजावर उठायचं नाही

डिफेन्सिव्ह लाइनमध्ये नव्या आलेल्या पोराला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू मागणारा खेळाडू, ओरडेल, आकडे म्हणेल, मध्येच आवाज चढवेल, तुला वेळेआधी उठवायला बघेल. त्याच्या आवाजावर उठायचं नाही. चेंडूकडे बघायचं. चेंडू हलला की उठायचं. या धंद्यात पाच राज्यं फिरलो, हे वाक्य बदललेलं नाही.

अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगतो. आमची चार धिप्पाड पोरं एक हात जमिनीला टेकवून ओणवी होतात. समोर तशीच पाच धिप्पाड पोरं असतात. चेंडू हलला की त्यांना सारून चेंडूवाल्याला गाठायचं. त्या चौघांचा मी कोच. नागपूरहून अकराव्या वर्षी आईबाबांबरोबर न्यू जर्सीत आलो तेव्हा चांगला जाड होतो, आणि जाड असण्याचाही काही उपयोग असतो हे मला या खेळाने पहिल्यांदा सांगितलं. बाबा मात्र शेवटपर्यंत लोकांना 'तो कॉलेजात शिकवतो' एवढंच सांगत राहिले. खोटं नव्हतं ते.

मी बोलका माणूस नाही. बायको म्हणते, तू पोरांच्या हातांशी बोलतोस, माणसांशी नाही. खरं आहे. कुणाचं मनगट कुठे दुखतं, कोण घरची आठवण आली की जास्त जेवतो, कोण हरल्यावर बूट न काढता बसून राहतो, हे मला पाठ असतं. सकाळी सहाला अंधार करून कालच्या खेळाचं चित्रीकरण बघताना खेळणारी चार आणि बदली चार अशी आठ मोठी पोरं माझ्याभोवती जांभया देत बसतात, तेव्हा मला बरं वाटतं.

पण कोचचं अर्धं काम मैदानावर नसतंच. ते लोकांच्या स्वयंपाकघरात असतं. शाळेतली चांगली पोरं हेरायची, त्यांच्या घरी जायचं, टेबलाशी बसायचं आणि आईकडे तिचा मुलगा मागायचा. याला रिक्रूटिंग म्हणतात. फेब्रुवारीत एका बुधवारी ती पोरं सह्या करतात आणि चार वर्षांसाठी कुठल्यातरी कॉलेजची होतात.

चौदा वर्षांपूर्वी, त्या बुधवारच्या आठवडाभर आधी, मी न्यू जर्सीतच एडिसनला एका घरी गेलो. मुलगा मराठी होता. या खेळात, आणि तेही लाइनवर, मराठी मुलगा मी तोवर पाहिला नव्हता. वडील नोकरीसाठी कॅलिफोर्नियात सांता क्लाराला असायचे, पंधरा दिवसांनी यायचे. निर्णय आईच्या हातात होता. आमचा मुख्य कोच मला म्हणाला होता, "तू तिच्याशी तुमच्या भाषेत बोल."

दारातच मी म्हटलं, "नमस्कार ताई."

"अगंबाई!" ती म्हणाली. "मला वाटलं कोणी अमेरिकन येणार, म्हणून पास्ता केला होता. थांबा, आत आमटी-भात आहे."

"आई, आय लाइक पास्ता," मुलगा म्हणाला.

"तुला काय आवडत नाही ते सांग एकदा. यादी लहान होईल."

जेवताना तिने विचारलं, "डोक्याला लागतं का हो यात?" मी म्हटलं, लागू शकतं, हेल्मेट असतं तरी लागतं. या उत्तराने तिचा माझ्यावर विश्वास बसला हे मला दिसलं. मुलाला मी म्हणालो, तुझी पहिली उडी, ते पहिलं पाऊल, मी बघितलेल्या सगळ्या पोरांत सर्वांत चांगलं आहे. मग तिने मुख्य प्रश्न विचारला.

"तुम्ही असाल ना तिथे?"

"ताई, चारही वर्षं मी आहे," मी म्हटलं. "माझ्या घरचाच मुलगा समजा." आणि ताट पुढे करून मी दुसऱ्यांदा आमटी घेतली.

त्याच्या तीन दिवस आधी मी दक्षिणेतल्या एका मोठ्या कॉलेजची नोकरी फोनवर स्वीकारली होती. मुख्य कोचला माहीत होतं. "बुधवारपर्यंत तोंड उघडायचं नाही," तो म्हणाला होता. मी उघडलं नाही. बुधवारी मुलाने सही केली. शुक्रवारी मी सामान गाडीत भरलं आणि त्याला मेसेज केला, अचानक संधी आली, सॉरी.

हे सगळेच करतात. इतर चार घरीही मी त्या आठवड्यात हेच केलं, आणि ते मला कधी फारसं टोचलं नाही. त्यांच्याशी इंग्रजीत खोटं बोललो होतो. ते कामाचं खोटं वाटायचं. एडिसनचं खोटं मी ज्या भाषेत बोललो तिच्यात त्याआधी फक्त आईबाबांशी बोलत होतो.

माझ्या जागी आलेल्या कोचला वेगळ्या घडणीची, उंच, सडपातळ पोरं हवी होती. त्याने या मुलाला दोन वर्षं न खेळवता बाकावर बसवलं. मग मुलाने खेळ सोडला, एडिसनला परत आला, शिक्षक झाला. हे मला कळत होतं, कारण दर दिवाळीत त्याच्या आईकडून खोकं यायचं. चकल्या, शंकरपाळे आणि चार ओळींची चिठ्ठी. मी नोकऱ्या बदलत गेलो, खोकं बरोबर नव्या पत्त्यावर पोचायचं. मी 'थँक यू ताई' असा मेसेज करायचो. चकल्या ऑफिसात ठेवायचो, पोरं संपवायची. मी क्वचितच एखादी खाल्ली असेल.

यंदा जुलैत त्या मुलाचा फोन आला. आता तो त्याच्याच जुन्या शाळेत डिफेन्सिव्ह लाइनचा कोच झाला होता. "कोच काका, सीझनच्या आधी एकदा या ना. माझ्या किड्सशी बोला." मागून त्याच्या आईचा आवाज आला, "आधी घरी जेवायला या म्हणावं!"

त्या टेबलाशी पुन्हा तसंच बसून जेवणं मला जमणार नव्हतं. न जाणंही जमेना.

ऑगस्टमध्ये गेलो. मुलगा मैदानावर होता, घरी ती एकटी. केस पांढरे झाले होते, टेबल तेच होतं. तिने पळी उचलली.

"ताई, वाढू नका. आधी एक सांगायचंय."

"डायबेटिस ना? इथे सगळ्यांनाच झालाय. भात कमी वाढते."

मी सांगितलं. सगळं, दिवसांसकट. ती पळी हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे तुम्ही इथे जेवत होतात तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"दुसऱ्यांदा आमटी घेतलीत तेव्हा?"

"हो."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. बराच वेळ ते नीट बसलंय का बघत राहिली.

"आणखी एका कॉलेजचा माणूस आला होता," ती म्हणाली. "चांगला होता बिचारा. त्याला मी चहावर कटवला. ह्यांना फोनवर सांगितलं, आपला माणूस आलाय, काळजी करू नका." मग म्हणाली, "हा तुमच्यावर चिडायचा ना, तर मी भांडायचे त्याच्याशी. अरे, त्यांचा नाइलाज झाला असेल म्हणून. चौदा वर्षं."

सॉरी म्हटलं असतं तर मेसेजसारखंच झालं असतं.

"त्याला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा," ती म्हणाली. "आणि मराठीत नको. त्याला नीट कळेल असं सांगा."

मैदान दोन मिनिटांवर होतं. त्याने मला पाहिलं आणि धावत येऊन मिठी मारली. केवढा झाला होता! मी म्हटलं, पोरांशी नंतर बोलतो, आधी तुझ्याशी. बाकावर बसलो आणि इंग्रजीत सांगितलं. तो शिटीची दोरी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"ओके," तो शेवटी म्हणाला. "आईला सांगितलंत?"

"आत्ताच."

"ओके." पुन्हा दोरी. "वन क्वेश्चन. तुम्ही म्हणाला होतात, माझी फर्स्ट स्टेप तुम्ही बघितलेल्यांत बेस्ट आहे. वॉज दॅट अल्सो रिक्रूटिंग?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी सोडून गेलो हे त्याला लागलं असेल. तो मात्र दोन वर्षं बाकावर बसून स्वतःला हे विचारत होता.

"नाही. ते खरं होतं," मी म्हटलं. माझा आवाज अगदी त्या दिवशीसारखाच निघाला. तेवढाच गोड, तेवढाच खात्रीचा. त्यालाही तो ओळखू आला असणार.

तो उठला. सरावासाठी काठीच्या टोकाला चेंडू बसवलेला असतो, ती काठी त्याने माझ्या हातात दिली. "डोन्ट से एनिथिंग, कोच. जस्ट मूव्ह इट."

आणि ट्रॅक पँट वर ओढून तो स्वतःच हात टेकवून ओणवा झाला. गुडघा कट्कन वाजला. त्याची पोरं गोळा झाली, "ओल्ड मॅन! ओल्ड मॅन!" ओरडायला लागली. एकजण क्वार्टरबॅक होऊन खोटे आकडे ओरडत होता, मध्येच किंचाळत होता. तो हलला नाही. मी काठी धरून उकिडवा बसलो होतो, त्याच्या डोळ्यांसमोर. चेंडू जेमतेम हलवला.

ते पाऊल पडलं. आखूड, खाली, आणि इतकं लवकर की मी हात हलवल्याचं मला नंतर कळलं. वजन वाढलेलं, गुडघा गेलेला, आणि पाऊल तेच.

पोरांनी एकच गलका केला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. गवतात बुटाने जी खूण उमटली होती ती बघत राहिला. मग परत जागेवर गेला.

"अगेन," तो म्हणाला.

आम्ही सहा वेळा केलं. मी एक शब्द बोललो नाही. मग त्याने पोरांना माझी ओळख करून दिली, "धिस इज द कोच हू फाउंड मी," आणि मी त्यांना हात कसे ठेवायचे ते तासभर दाखवलं. संध्याकाळी न जेवता निघालो. कुणी थांबा म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं.

दिवाळी आली. खोकं आलं नाही. येणार नव्हतंच, तरी रोज दारात बघत होतो. दहाएक दिवसांनी आलं. पत्ता या वेळी मुलाच्या अक्षरात होता. चिठ्ठी नव्हती. मी ते ऑफिसात नेलं नाही. मेसेजही केला नाही. फोन लावला.

"पोचलं का?" तिने विचारलं.

"पोचलं, ताई."

"उशीर झाला यंदा. कुरकुरीत आहेत का अजून?"

मी एक चकली तोंडात घातली. "नाही. मऊ पडल्यात."

"बरं," ती म्हणाली. "मग पुढच्या खेपेला पत्र्याच्या डब्यात घालते."