बेंबळी रस्त्याची टमटम

धाराशिवात भाड्यानं राहायचो तोवर बाजार, दवाखाना, शाळा, सगळं पायी होतं. मग बेंबळी रस्त्याला शहराच्या बाहेर प्लॉट घेतला. विकणारा म्हणाला होता, "वहिनी, वर्षभरात सिटी बस दारात येते बघा." घर बांधून झालं, आजूबाजूला आणखी चार कॉलन्या उठल्या, पण बस काही आली नाही. गावाकडं जाणारी लाल बस आमच्या समोरून धुरळा उडवत जाते. आमच्या कॉलनीला थांबा मंजूर नाही म्हणे. एसटी डेपोच्या साहेबांकडं गेलो की साहेब म्हणतात, "वरून आलं पाहिजे." वर कोण बसलंय ते देव जाणे.

म्हणून टमटम. आणि टमटम म्हटलं की मला तो एक दिवस आठवतो.

सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. मी त्यांना मामी म्हणते. नवरा नोकरीच्या गावी, त्यामुळं मी एकटीच होते सोबत. ऑपरेशन सकाळीच उरकलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यावर पांढरी पट्टी बांधली आणि बजावलं, "धूळ नको, पाणी नको, हात लावायचा नाही. उद्या सकाळी पट्टी काढायला या." मामींनी शाळेतल्या पोरीसारखी मान हलवली.

खास रिक्षा करावी म्हणून मी दोघातिघांना विचारलं. तिकडं रस्ता खराब आहे, परतीला सवारी मिळत नाही, म्हणून एकही तयार होईना. शेवटी टमटमीतच बसलो. माणसं कोंबून झाल्यावरही ड्रायव्हर हलेना. दुधाचे कॅन आले, एकाची सोयाबीनची पोती आली. मामींना ड्रायव्हरनं आपल्या मागच्या कडेच्या जागेवर बसवलं. मी म्हटलं, "दादा, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आत सरकू द्या." तो म्हणाला, "कडंला हवा लागती ताई, म्हातारीला बरं वाटंल."

गाडी सुटली. गाण्याचा आवाज एवढा की शेजारणीचं बोलणं ऐकू येईना. ड्रायव्हरच्या तोंडात गुटखा. रस्त्यावर खड्डा आला की तो गाडी वळवायचा आणि वळवता वळवता बाहेर पिंक टाकायचा. मी दोनदा सांगितलं, "दादा, थुंकू नका, मागं उडतंय." त्यानं आरशातनं नुसतं बघितलं.

तिसरी पिंक वाऱ्यानं मागं आली आणि सरळ मामींच्या पट्टीवर बसली.

पांढऱ्या कापसावर तो लाल ओघळ, गालावरून खाली हनुवटीपर्यंत. त्याचा तो गोडसर, सडका वास. मामी दोन्ही हात वर धरून तशाच ताठ बसल्या. हात लावायचा नाही, असं सांगितलं होतं ना.

मी ओरडले तेव्हा गाडी थांबली. ड्रायव्हरनं वळून बघितलं, गळ्यातला कळकट रुमाल काढला आणि म्हणाला, "पुसून टाका की. मुद्दाम केलं का म्या?"

गाडीत एवढी माणसं होती. कुणी खाली बघत होतं, कुणी फोनमध्ये. पोत्यावर बसलेला माणूस म्हणाला, "बाई, एवढं नाजूक असंल तर सोताची गाडी घ्यावी. आमाला उशीर व्हायलाय."

मला त्या ड्रायव्हरपेक्षा त्याचीच जास्त किळस आली.

मामी म्हणाल्या, "उतरव मला." एवढंच. आम्ही माळावर, भर उन्हात उतरलो आणि टमटम निघून गेली. पट्टी बदलायला परत दवाखाना गाठायचा होता. शहराकडं जाणारी लाल बस आली. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात केला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून मला बाजूला व्हायला लावलं. खिडकीतल्या बायका मामींच्या तोंडाकडं बघत बघत पुढं गेल्या.

शेवटी कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाजाराला निघालेला एक टेम्पो थांबला. त्या माणसानं मामींना पुढं बसवलं, मी मागं जुड्यांवर. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टी बघितली आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "हे काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी हातमोजे घातले, सगळं साफ केलं, नवी पट्टी बांधली. नशीब म्हणायचं, ओल आतपर्यंत गेली नव्हती. डोळा वाचला.

तरी त्या दिवशी, परतणाऱ्या त्याच टेम्पोनं घरी आल्यावर, मामींनी तीनदा अंग धुतलं, डोकं ओलं न करता. लुगडं मोरीत टाकलं ते पुन्हा नेसल्या नाहीत.

पुढं आठवडाभरात मला बाजाराला जावंच लागलं. स्टँडवर तोच ड्रायव्हर. मला ओळखून म्हणाला, "म्हातारी बरी हाय का ताई?" आणि उत्तराची वाट न बघता बाजूला थुंकला. दुसरी गाडी नव्हती. मी पदर नाकाला लावला आणि आत बसले. स्वतःचीच शिसारी आली, पण बसले.

मामींच्या उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, उशीर करू नका. मी विषय काढला की मामी ज्वारी निवडता निवडता मान हलवतात.

"एका डोळ्यानं दिसतंय तेवढं बास हाय. त्या गाडीत मी न्हाय बसायची."