जोगव्याचं पाचवं घर

देवीवर माझी श्रद्धा आहे असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पण गेल्या उन्हाळ्यात नोकरी जाणार असल्याचं पत्र हातात पडलं, तेव्हा ती श्रद्धा कुठे दडी मारून बसली कोण जाणे. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी गाड्यांसाठीच्या प्रणाली तपासायचं काम करत होते. कामं आटली, आमचा विभागच बंद करायचं ठरलं आणि सप्टेंबरअखेर माझी नोकरी संपणार होती. समीर, माझा नवरा, पुण्याची नोकरी सोडून माझ्यामागे इकडे आला. त्याचं जर्मन शिकणं अजून चालू. लेक ओवी दम्याची. तिची औषधं, तपासण्या, सगळं माझ्या नोकरीच्या विम्यावर. रोज दिवा लावताना मी देवीला विचारायची, माझ्यातच काय कमी पडलं गं? ती आपली कुंकवाआडून माझ्याकडे बघत राहायची.

कंपनीच्या कर्मचारी विभागातल्या बाईंनी सगळं नीट समजावलं होतं. आर्बाइट्सआगेन्टुअर, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालय, तिथे आधी नोकरी शोधत असल्याची नोंद करायची आणि नोकरी संपली की बेकार म्हणून नोंद करून भत्त्याचा अर्ज द्यायचा. पहिली नोंद मी लगेच केली, काम शोधण्यात कसली लाज? दुसऱ्या नोंदीपाशी मात्र घोडं अडलं. माझे वडील शेजाऱ्याकडून वर्तमानपत्रसुद्धा मागून वाचत नसत, आणि मी परक्या देशाच्या सरकारपुढे हात पसरू? "अगं, अर्जाची तयारी तरी करून ठेव," समीर म्हणाला. त्याला मी असं काही गप्प केलं की बिचाऱ्यानं पुन्हा विषय काढला नाही. नेकारसुल्मच्या एका कंपनीत मुलाखती चांगल्या झाल्या होत्या; तिथलं काम होणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

नवरात्रासाठी सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांना यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. कंपनीनं शेवटचे काही आठवडे घरीच राहायला सांगितलं होतं, तरी मी रोज लॅपटॉप उघडून गंभीर चेहरा करून बसायची. त्या कौतुकानं माझ्यापुढे चहा ठेवायच्या, आणि तो चहा मला गिळवत नसे.

नोकरीचा शेवटचा दिवस नेमका नवरात्रातला मंगळवार होता. सकाळीच नेकारसुल्महून नकाराची मेल आली. आणि त्याच दिवशी मला जोगवा मागायला निघायचं होतं. आमच्या सासरी ही रीत आहे. घरात कितीही असो, नवरात्रात सुनेनं हळदीकुंकवाचा मळवट भरून, परडी घेऊन किमान पाच घरी देवीच्या नावानं मागायचं. मिळेल त्या पिठाची भाकरी करून देवीला दाखवायची आणि सगळ्यांनी प्रसाद म्हणून खायची. परडी सासूबाईंनी सामानातून मुद्दाम आणली होती. आम्ही राहतो त्या बॉबलिंगेनमध्ये आमच्या ओळखीची मराठी घरं पाच. चार घरी व्यवस्थित जोगवा मिळाला. पाचवं कुटुंब ऐन नवरात्रात ऑक्टोबरफेस्ट बघायला म्युनिकला गेलेलं. धन्य त्यांची!

"मग आपल्या वरच्या मजल्यावर केलरबाई आहेत की," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, त्यांना यातलं काय कळणार?"

"मागणाऱ्यानं दार निवडायचं नसतं."

"मम्मा, दास इस्ट पाइनलिश," म्हणजे मला लाज वाटते, असं म्हणून ओवी समीरच्या मागे लपली. खरं तर मलाही लपायचं होतं. पण सासूबाई जिन्यापर्यंत आल्याच, तेव्हा मी वर गेले आणि बेल वाजवली.

फ्राऊ केलर एकट्या राहतात, उंच, करड्या केसांच्या. जिन्यात भेटल्या की हसून नमस्कार, एवढीच आमची ओळख. माझा मळवट आणि परडी पाहून त्या जराही दचकल्या नाहीत. मी अडखळत सांगितलं की वर्षातून एकदा आम्ही पाच दारांत देवीच्या नावानं मागतो. मान थोडी खाली राहावी म्हणून. त्या आत गेल्या आणि डिंकेलचं, म्हणजे इकडच्या जुन्या गव्हाचं, पीठ वाटीभर घेऊन आल्या. दोन्ही हातांनी परडीत घातलं. मग सहज विचारलं, "बाकी तुम्ही बऱ्या आहात ना?" त्या साध्या प्रश्नानं माझा बांध फुटला. महिनोन् महिने सासूपासून लपवलेलं मी एका परक्या बाईला दारात उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"बेकार म्हणून नोंद केलीत?"

"नाही. मला भत्ता घ्यायचा नाही. ते मागितल्यासारखं होतं."

त्या परडीकडे बघत राहिल्या. "पण हे तर मागायला आलात."

"ही भीक नाही," मी जरा तडकूनच म्हणाले. "हा देवीचा मान आहे."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, त्या म्हणाल्या. "तो भत्ताही तसाच आहे. माझी कंपनी बंद पडली तेव्हा मीही गेले होते. आपण सगळे पगारातून त्या निधीत टाकत असतो, ज्याची वेळ येते तो मागतो. मागितलं तरच मिळतं. नोंद कराल तिथून पुढचं मिळेल, मागचं नाही. म्हणून उद्याच जा. मी येते तुमच्याबरोबर."

दुसऱ्या दिवसापासून मी बेकार होणार होते. आदल्याच दिवशी, मी स्वतः कधी वाजवली नसती अशा दाराची बेल देवीनं माझ्याकडून वाजवून घेतली. कुणी याला योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी वाद घालणार नाही.

मी खाली येताना सासूबाईंनी माझे डोळे पाहिले. जिन्यातच बसून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी परडी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाल्या, "मला परकी समजलीस, एवढंच वाईट वाटलं. चल, भाकरी मी थापते. उद्या लवकर निघायचंय तुला."

कार्यालयात मी अपराध्यासारखी बसले होते. समोरच्या अधिकारी बाईंनी उठून हात मिळवला, पाणी दिलं, आणि नोकरी गेली यात माझा काही दोष असावा असा सूरसुद्धा लावला नाही. मी उगाच माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "हा तुमचा हक्क आहे." केलरबाई शेजारी स्वेटर विणत बसल्या होत्या. या देशाला मी रुक्ष, नियमांचा म्हणत आले. त्या नियमांच्या पोटात एवढी माया असेल असं कधी वाटलं नव्हतं. भत्ता मंजूर झाला, त्याबरोबर विमाही चालू राहिला. नोव्हेंबरात ओवीला दम्याचा जोराचा झटका आला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथे कुणी विचारलं नाही की आईला नोकरी आहे का. रात्री तिच्या श्वासाची घरघर शांत झाली तेव्हा मी त्या खाटेलाच डोकं टेकवलं.

नोकरी मी अजून शोधतेच आहे. पण दिवा लावताना आता जाब विचारत नाही. शरण जाणं म्हणजे हात टेकणं असं मला वाटायचं. हात पुढे करणं हीही शरणागतीच, आणि माझ्यासारख्या ताठ मानेच्या बाईला तीच जास्त अवघड होती. देवीनं ती करून घेतली, याबद्दल मी तिची, त्या कार्यालयाची आणि वरच्या मजल्याची जन्माची ऋणी आहे.

साताऱ्याला परतताना सासूबाईंनी परडी बरोबर नेली नाही. दाराजवळच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी केलरबाईंपासून सुरुवात कर."