चंद्री, मोरी आणि म्हस

उचगावातले देवाप्पा चाळीस वर्षं गल्लीतल्या लोकांच्या म्हशी चारत आले. मुलगा भीमरत्न शिकला, बेळगावात बँकेत लागला. सून तिथंच दवाखान्यात नर्स. "आता घरात बसा की आप्पा," असं दोघंही म्हणत. देवाप्पा "व्हय, व्हय" म्हणत आणि सकाळ झाली की काठी घेऊन निघत.

दोघांच्या नोकरीमुळं नात अक्षरा दीड वर्षाची असताना आजोबांकडं राहायला आली. त्यांच्या खांद्यावर बसून तीही माळावर जायला लागली. थंडीत माळ धुक्यानं भरलेला असायचा. सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून म्हशी एकेक करून उगवायच्या. देवाप्पा हळूच सांगायचे, "ती बघ चंद्री आली. तिच्या मागनं मोरी. ती पाखरी, जरा लंगडती."

अक्षरा बोलायला लागली ती ही नावं घेतच. आज्जा, चंद्री, मोरी, पाखरी. नऊच्या नऊ म्हशी तिला पाठीवरून ओळखता यायच्या.

तीन वर्षांची झाल्यावर तिला अंगणवाडीत घातलं. तिथल्या जयाक्कांनी भिंतीवरच्या तक्त्यातल्या म्हशीवर बोट ठेवलं. "हे काय गं?"

अक्षरानं चित्र नीट न्याहाळलं. "ही आमची न्हाय."

"पण आहे काय?"

"म्हाईत न्हाय. हिला कधी बघितली न्हाय."

जयाक्कांनी कन्नडमध्येही विचारून पाहिलं. तरी तेच उत्तर. दुपारी देवाप्पा न्यायला आले तेव्हा जयाक्का म्हणाल्या, "आप्पा, म्हशीतच वाढलेली पोर, आणि तिला म्हैस म्हाईत न्हाय!"

देवाप्पा आधी हसले. मग वाटेत त्यांच्या लक्षात आलं, की आपण पोरीसमोर हा शब्द कधी काढलाच नाही. काढायची वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी त्यांनी तिला समोर बसवलं. "ही चंद्री. ही म्हस."

"चंद्री म्हस?"

"व्हय. आणि मोरीबी म्हस."

अक्षराच्या कपाळाला आठी पडली. "न्हाय. ती मोरी हाय. दोघींचं एक नाव कसं असंल?"

देवाप्पांनी मग रोज बोट दाखवत सांगायचं ठरवलं. आठवड्याभरात तिनं शब्द घेतला आणि मग तो आवरेना. तळ्यातला काळा खडक म्हस, शेजाऱ्यांची काळी मोटार म्हस, डोंगरावर टेकलेला ढगसुद्धा म्हस. देवाप्पांनी तिला एकदाही चुकीचं म्हटलं नाही. "ती म्हस रवंथ करती का बघू," म्हणायचे. मग दोघं खडकाकडं पाहत बसायची. बराच वेळ झाला की तीच म्हणायची, "न्हाय करत."

असं करत करत खडक खडक झाला, मोटार मोटार झाली. धुक्यापाशी मात्र ती अडली. "आज्जा, ही किती धुकी हाईत?"

"एकच. धुकं मोजायचं नसतंय."

तिनं मूठ भरून धुकं धरलं, उघडून पाहिलं आणि ओला तळवा आज्जाच्या गालाला लावला.

त्या उन्हाळ्यात चंद्रीच्या मालकानं चंद्री खानापूरकडच्या पाव्हण्यांना देऊन टाकली. त्या सकाळी माळावर आठच म्हशी होत्या. अक्षरा गवतात बसली. नंतर पोटावर हात ठेवून म्हणाली, "आज्जा, हितं चंद्री हाय."

"पोट दुखतंय व्हय?"

"दुखत न्हाय. चंद्री हाय आत."

देवाप्पा तिच्या शेजारी बसले. बायको तानीबाई गेली त्या वर्षी त्यांनाही हे असंच झालं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. "त्येला आठवण म्हणत्यात, बाळ."

"कुठं असती? दाव."

आजवरचा प्रत्येक शब्द त्यांनी बोटानं दाखवला होता. बोट उचललं, पण न्यावं कुठं कळेना. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि दोघं तशीच बसून राहिली. वारा सुटला, म्हशी पाण्यात उतरल्या, ऊन पार डोक्यावर आलं. उठताना अक्षरा म्हणाली, "तुझ्यात बी हाय आठवण." देवाप्पांनी मान हलवली.

शाळेचं वय झालं तशी ती आईबापाकडं बेळगावला गेली. दर रविवारी भीमरत्न फोन लावून देतो. परवा ती म्हणाली, "आज्जा, आमी बाजारात गेलतो. लई गर्दी हुती."

हा शब्द देवाप्पांनी तिला दिलेला नव्हता. कुणी दिला असेल, असा विचार करत त्यांनी मुद्दाम विचारलं, "गर्दी म्हंजे काय गं?"

"लई माणसं. आणि एकाचंबी नाव म्हाईत न्हाय."

देवाप्पा खूप वेळ हसले. मग म्हशी पाण्यावर न्यायच्या होत्या, म्हणून त्यांनी फोन ठेवला.